मातीचा पडदा

दयारामजींनी त्या दिवशी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि आज मुलीच्या प्रयोगशाळेत अनुदान देणारी दिल्लीची समिती येणार होती. अख्ख्या कॉलनीत त्यांचं सांगून झालं होतं, "आमची एकता घाण पाण्यातून बिजली काढून राहिली."

ते खोटं नव्हतं. काचेच्या पेटीत एका बाजूला नाल्याचा गाळ असे; त्यातले जिवाणू घाण खाऊन वीज सोडत. दुसऱ्या बाजूला हवा खेळवलेलं पाणी. मधे लागायचा पडदा, आणि सगळी मेख तिथेच. जिवाणूंना हवा लागू नये, पण वीज वाहती राहावी. परदेशी पडदा गाळाने चोंदून जाई. एकताने गोहलपुरच्या कुंभाराची माती आणली, चाळली, भाजली आणि बशीएवढ्या चकत्या केल्या. एकोणचाळीस तडकल्या. चाळिसावी पाच महिने टिकली.

एक गोष्ट मात्र तिने घरी सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख आलोक सर यांनी तिचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, "अच्छा, विदर्भवाले" म्हणाले आणि कोपऱ्यातली गाळाची बादली दाखवली. प्रयोगशाळेत पाच जण पीएचडी करत होते. चार वर्षं नाल्यात उतरली ती एकटी एकता.

समितीसमोर चकती दाखवायला सरांनी तिच्या मागून आलेल्या वेदांगला उभं केलं. एकता मागे भिंतीशी उभी होती. शेजारच्या खुर्चीत दयारामजी हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते.

"एकता," सर मधेच म्हणाले, "ज़रा कीचड़ की बाल्टी इधर लाओ. मैडम को दिखाना है."

ती हलली नाही. काही चुकतंय असं वाटून दयारामजी गडबडीने उठले. "मी आणतो ना, सर," म्हणत त्यांनी बादली उचलली. पांढऱ्या शर्टावर गाळाचे शिंतोडे उडाले.

"अरे वाह," सर हसले, "पिताजी को भी आदत है!"

दोघंतिघं हसली. दयारामजीही हसले, कारण सगळे हसत होते.

समितीतल्या बाईंनी चकती उजेडात धरून विचारलं, "यह कितने तापमान पर पकाई? चटकती क्यों नहीं?"

वेदांगने प्रोजेक्टरवरचं पान पुढे केलं, मागे केलं. सरांनी मान वळवली. "एकता, बता दो."

"मुझे नहीं पता, सर," एकता म्हणाली. "मैं तो कीचड़ लाती हूँ."

महिनाभरात अनुदान गेलं आणि प्रकल्प थांबला. सरांनी प्रबंधावर सही करायला नकार दिला. कारण लिहिलं, गैरवर्तन.

"माहीत होतं ना तुले? मग त्या बाईले काहून नाही सांगितलं?" दयारामजी रोज विचारत. चार वर्षांच्या बादलीची गोष्ट शेवटी तिने सांगितली. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

एका रविवारी ते बाहेर गेले आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परतले. चेहरा खुलला होता.

"सर मानले, बेटा. तुझी चकत्यांची वही वेदांगले देऊन टाक, सही करतो म्हणाले."

"तुम्ही त्यांच्या घरी गेले होते? आत बोलावलं त्यांनी?"

"फाटकापाशीच बोलले. कामात होते ना ते. दोन तास तर उभा होतो फक्त." ते पाणी प्यायले. "पाया पडलो, मग मानले."

एकताला ओरडायचं होतं. पण बाबा इतके आनंदात होते की तिने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पुन्हा भरून आणला.

सोमवारी तिने वही वेदांगच्या टेबलावर ठेवली. चाळीस चकत्यांचा हिशेब होता त्यात. कुठली माती, किती आच, किती वेळ.

"थैंक्यू, दीदी," वेदांग तिच्याकडे न बघता म्हणाला.

प्रबंधावर सही मिळाली. मातीच्या पडद्याबद्दलचा शोधनिबंध सहा महिन्यांनी छापून आला. नावं दोन, सरांचं आणि वेदांगचं. शेवटी बारीक अक्षरात आभार होते: गाळ पुरवल्याबद्दल कुमारी एकता यांचे.

दयारामजींनी तेवढंच पान छापून आणलं आणि कॉलनीभर दाखवलं.