निजलेली मुळी

मित्रांनो, मी घंटाफुलाची मुळी आहे. आज मी एका कुंडीत आहे, पण माझी बारा वर्षे एका शिंप्याच्या घरामागे, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या वाफ्यात गेली.

मला तिथे शिंप्याच्या बायकोने लावले. मातीत तिने जाडी रेती मिसळली. "हिला पाणी हवं, पण पायाशी साचलेलं नको," असे ती म्हणायची. उन्हाळ्यात मला निळ्या घंटा लागत. उंच दांडे वाऱ्याने वाकू नयेत म्हणून ती काठ्या रोवून ते कापडाच्या चिंध्यांनी बांधत असे. सुकलेली फुले मात्र ती दुकानातल्या कात्रीने खुडायची.

"अगं, ती कात्री दोऱ्यासाठी आहे. धार जाते तिची."

"जाऊ दे की! शिलाई वाकडी आली तर कात्रीचं नाव सांगता येईल तुम्हाला."

थंडी पडली की माझे दांडे काळे पडत आणि जमिनीवर काहीच उरत नसे. पहिल्याच हिवाळ्यात शिंपी म्हणाला, "मेलं की गं तुझं रोप."

"मेलं काय म्हणता? निजलीय ती. उठवू नका."

तो शब्द त्या घरात रुळला. शिंपी गिऱ्हाइकांनाही रिकामा वाफा दाखवून सांगे, "निजलीय. उठवायचं नाही."

गेल्या हिवाळ्यात शिंप्याच्या बायकोला ताप आला. दुपारी ती आडवी झाली. तिची लेक आईला बघायला आली, तर शिंप्याने दारातच ओठांवर बोट ठेवले.

"निजलीय. उठवू नकोस."

लेक पाऊल न वाजवता परत गेली. दिवेलागणीला शिंपी चहा घेऊन आत गेला. मग खिडकीतून मला कप फुटल्याचा आवाज आला. डॉक्टर आले आणि एवढेच म्हणाले, "दुपारी बोलवायला हवं होतं."

त्यानंतर तो शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. थंडी सरत आली तेव्हा लेक वाफ्यापाशी उभी राहिली आणि सवयीने बोलून गेली, "बाबा, आईची घंटाफुलं अजून निजलीत का हो?"

शिंप्याने कुदळ आणली.

"बाबा, काय करताय?"

"निजलीय, निजलीय म्हणत बसलो, काय झालं? मेलेल्याला मेलंच म्हणावं माणसानं."

तो खणत राहिला. माझे तुकडे उचलून तो कोपऱ्यातल्या पेटत्या पालापाचोळ्यात टाकत होता. लेकीने त्याचा हात धरला तेव्हा माझा हा एकच तुकडा उरला होता. कुदळ लागली होती तिथून पांढरा चीक वाहत होता, आणि शेजारी दोन कोंब होते.

"बाबा, जिवंत होती ही."

शिंपी मातीतच बसला. चिकाने भरलेले बोट तो कितीतरी वेळ पाहत होता.

तेव्हापासून मी या कुंडीत आहे. तो रोज सकाळी कुंडीच्या काठावर टिचकी मारतो. "जागी आहेस ना?" असे विचारतो आणि पाणी घालतो.

"बाबा, कालच घातलंत की."

"कालचं काल. आज विचारायला नको?"

पाणी माझ्या पायाशी साचले आहे. एक कोंब कुजला आहे. दुसरा अजून हिरवा आहे.

मित्रांनो, रोप वाळलेले दिसले तर कुदळ उचलण्याआधी मुळी नखाने खरवडून बघा. आत ओल असेल तर तिला निजू द्या. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि तापातले माणूस निजलेले दिसले, तर मात्र एकदा हाक मारा. ते रागावले तरी चालेल.

हे सारे मला शिंप्याला सांगायचे आहे. पण मला तोंड नाही, आणि आत झारी भरल्याचा आवाज येतो आहे.