टिकलीनं धरलेली लोकर

मी चार बोटं लोकर बोलतेय. मरून रंगाची, एका टोकाला जराशी विस्कटलेली. एवढ्याशा तुकड्याला कसली आलीय कहाणी, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण मी मूळची घाबरट, आणि घाबरटाच्या पोटात काही राहत नाही.

इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या सुलोचनाबाईंच्या विणकामाच्या पिशवीत मी वाढले. तेव्हा मी चांगली गुंडाभर होते. बाईंनी त्या गुंड्यातून आपल्या यजमानांसाठी, रामभाऊंसाठी, बिनबाह्यांचा स्वेटर विणला. रामभाऊ फौजेत ड्रायव्हर होते, महूहून निवृत्त झाले. आता एका वर्कशॉपमध्ये ते वेगवान गाड्या चालवून बघण्याचं काम करतात. स्वेटर झाला आणि मी तळाशी उरले. उरलेल्याचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. उशीत भरतात, नाहीतर मांजराला देतात. मी दोन्हीची धास्ती घेऊन पडून होते.

पण मला मागायला आली वरच्या खोलीतली भाडेकरू, स्पृहा. सांगलीची मुलगी, त्याच वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून नुकती लागलेली. बाईंनी विचारलं, एवढीशी लोकर कशाला गं? ती म्हणाली, हवा बघायला. बाई हसल्या, पण कात्री त्यांनीच आणून दिली. माझे बारा तुकडे झाले. त्यातली मी बारावी.

वर्कशॉपचे मालक श्रीहरीजी, इंदुरी बोलीत सगळ्यांचे ‘भिया’, म्हणजे भाऊ. त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि गाडीबद्दल बोलतानाही त्यांच्या तोंडी घोडाच यायचा. समोर उभी होती एक चंदेरी सेडान. पुण्याच्या एका कंपनीची माणसं गुरुवारी जवळच्या पीथमपूरच्या ट्रॅकवर ती बघायला येणार होती, आणि गाडी दोनशे चाळीसला नेऊन दाखवतो असा शब्द श्रीहरीजी देऊन बसले होते. त्यासाठी त्यांनी मागच्या आसाचे गियर बदलून जास्त ओढीचे बसवले. गाडी खरोखर उधळली. शंभरावरून एकशे ऐंशी कधी गाठायची ते कळायचंही नाही. मग मात्र दोनशे अठराला जाऊन रुसायची. कितीही दाबा, पुढे नाही.

का, ते स्पृहानं फळ्यावर समजावलं आणि मीही ऐकलं. नव्या गियरांमुळे प्रत्येक टप्प्यात जोर वाढला, पण प्रत्येक टप्पा लवकर संपायला लागला. पाचवा गियर दोनशे पाचलाच इंजिनाचा दम संपवतो. सहावा टाकला की इंजिनाचे फेरे उतरतात, ताकद कमी पडते, आणि समोर उभा असतो वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. तुम्ही सायकलवरून वाऱ्याच्या तोंडी गेला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाडी जागेवरून उठवतो तो गियर, पण दोनशेच्या पुढे ती वाऱ्याच्या मर्जीवर चालते. गियर जरा मधल्या मापाचे घेऊ या, असं तिचं म्हणणं होतं. पण तसे गियर मागवायला तीन आठवडे लागणार होते, आणि गुरुवार चार दिवसांवर होता.

मग श्रीहरीजींची नजर डिक्कीवरच्या पंखाकडे, त्या आडव्या स्पॉयलरकडे गेली. हाच वारा अडवतो, काढून टाका, म्हणाले. पंख वारा अडवत होता हे खरं. पण तोच मागची चाकं जमिनीला दाबून धरत होता, हेही तितकंच खरं. तो काढला, आणि आता वारा मागे काय करतो ते बघायला स्पृहानं आम्हाला गाडीवर चिकटवलं. हवा दिसत नाही, आम्ही दिसतो.

अकरा बहिणी डिक्कीवर आणि काचेवर चिकटपट्टीनं बसल्या. माझी वेळ आली आणि पट्टी संपली. स्पृहानं पर्स चाचपली, टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, छताचा खांब उतरतो तिथे, मला लाल टिकलीखाली दाबून बसवलं. रामभाऊ म्हणाले, घ्या, गाडी सवाष्ण झाली. सगळे हसले. मला हसू येईना. दोनशेच्या वाऱ्यात टिकलीच्या भरवशावर बसायचं म्हणजे जीव टांगणीलाच की.

मंगळवारी रामभाऊंनी गाडी एकशे नव्वदपर्यंत नेली. थंडीचे दिवस, त्यांच्या अंगात बाईंनी विणलेला तो स्वेटर. म्हणजे माझंच उरलेलं अंग आत बसलेलं होतं. वेग वाढला तशा बहिणी काचेला चिकटून सरळ झोपल्या, तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या. मला कुणी झोपू देईना. खांबावरून घसरून येणारी हवा पीळ घेत होती आणि मी तिच्यात गरागरा फिरत होते. आणखी एक गोष्ट मला कळत होती, जी बाहेरून कुणालाच कळली नसती. माझ्याखालची काच वर येत होती. अगदी थोडी. पण मागची चाकं हलकी होत होती.

डिक्कीवर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. अकरा झोपलेल्या आणि एक वेडी. श्रीहरीजी म्हणाले, अकरा जणी शांत आहेत, हवा साफ जातेय, अजून काय पाहिजे? स्पृहानं माझ्याकडे बोट केलं. तेव्हा ते म्हणाले, "स्पृहाजी, ती टिकली आहे. सुटली असणार, म्हणून फडफडतेय. टिकलीच्या भरोशावर टेस्टिंग थोडी होते?"

तिनं बोट मागे घेतलं. नोकरीला तीन महिने झाले होते, आणि बोलणं अगदीच खोटं वाटत नव्हतं. सुटलेय की नाही हे बघायला तिला गाडीपर्यंत चार पावलं यायचं होतं. ती आली नाही. मला तिचा राग आला नाही, कारण मला कारण कळत होतं. मी सुटलेलीच असावी असं तिला मनापासून वाटत होतं. नको ते कळेल म्हणून माणसं अशी कितीतरी कुलपं ओढून बघत नाहीत.

मधला दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. मी कोपऱ्यात लोंबत होते आणि एकच विचार करत होते, टिकली खरंच सुटली तर बरं. मग मी खोटी ठरेन आणि रामभाऊ सुखरूप राहतील. पण टिकली काही सुटेना.

गुरुवारी पाहुणे आले. पोहे-जलेबी झाली. ट्रॅकवर वारा आडवा होता, पिवळी झेंडी सारखी फडकत होती. रामभाऊ हेल्मेट घ्यायला गाडीजवळ आले, तर तिथे स्पृहा उभी.

"काय झालं बेटा? सुबह से बघतोय, तू पोहे पण नाही घेतले."

तिनं हात पुढे केला आणि माझं टोक धरून ओढलं. मी ताणले गेले, टिकली हलली नाही. तिनं जोरात ओढलं. माझा एक धागा तिच्या बोटांत निघाला, टिकली तिथेच. मग तिनं नखानं टिकलीची कड उचकटून पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, ही सुटली नव्हती," ती म्हणाली. "ही खरं सांगत होती."

ती तशीच पाहुण्यांसमोर श्रीहरीजींकडे गेली आणि पंखाशिवाय रामभाऊंना पाठवू नका म्हणाली. तिचा आवाज कापत होता. मी नेहमीच कापते, म्हणून मला तो ओळखता आला. श्रीहरीजींचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. तेव्हा रामभाऊच म्हणाले की मी जातो, पण हलक्या पायानं. गाडी काय म्हणते ते बघून येतो.

स्पृहा नको म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं.

ती दोन मिनिटं मी कधीच विसरणार नाही. एकशे ऐंशी. पाचवा गियर ओरडायला लागला. दोनशे. दोनशे पाचला सहावा पडला, इंजिनाचा आवाज खाली आला, आणि मी इतकी गरागरा फिरले की मला वर-खाली कळेना. दोनशे बारा. काच माझ्याखालून उठत होती. मी ओरडत होते, पण लोकरीला आवाज कुठून येणार? तेवढ्यात आडव्या वाऱ्याचा झोत आला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. फार नाही, हातभर.

रामभाऊंनी ब्रेक मारला नाही. मारला असता तर आज ही कहाणी सांगायला मी नसते, आणि ऐकायला तेही नसते. त्यांनी पाय हळूहळू उचलला, स्टिअरिंग जेमतेम सावरलं, आणि गाडी पुन्हा रांगेत आली. परत येईपर्यंत ते साठच्या वर गेले नाहीत.

गाडी थांबल्यावर ते बराच वेळ उतरले नाहीत. श्रीहरीजी धावत आले. रामभाऊंनी काच खाली केली.

"भिया, मागून कोणी तरी उचलत होतं," ते म्हणाले. "लडकी बरोबर बोलत होती."

श्रीहरीजींनी पाहुण्यांची माफी मागितली आणि पंखाचे बोल्ट स्वतःच्या हातानं शोधून आणले. पाहुणे थोडं थांबले, मग पुण्याला निघून गेले. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, आणि तीही एक काळजी माझ्या पोटात आहेच. तीन आठवड्यांनी मधल्या मापाचे गियर आले. आता पाचवा चांगला लांबपर्यंत ओढतो, पंख जागेवर आहे, आणि गाडी दोनशे एकतीसला जाते. चाळीसला नाही. श्रीहरीजी आता घोड्याचं नाव जरा कमी काढतात.

त्या गुरुवारी संध्याकाळी रामभाऊंनी घरी काही सांगितलं नव्हतं. पण स्वेटर धुताना सुलोचनाबाईंना तो पाठीवर घामानं कडक झालेला लागला. ऐन डिसेंबरात एवढा घाम कसा, असं त्यांनी विचारलं. रामभाऊ म्हणाले, हीटर चालू होता. बाईंनी स्वेटर पिळला, दोरीवर टाकला, आणि मग वर जाऊन स्पृहाला जेवायला खाली बोलावलं. त्या दिवसापासून ती रोज खालीच जेवते.

अकरा बहिणी गाडी धुताना गेल्या. मला रामभाऊंनी टिकलीसकट काढलं आणि आत, स्टिअरिंगच्या वर, जिथे वेगाचा काटा दिसतो तिथे चिकटवलं. इथे वारा नाही. मी लोंबत असते, आणि तरीही घाबरत असते. सहावा गियर टाकण्याआधी ते एकदा माझ्याकडे बघतात.

तुमच्याकडे मागायचं आहे ते एवढंच. तुमच्या घरात, कामात, कुठल्याशा कोपऱ्यात कुणी एकटंच थरथरताना दिसलं, तर ते सुटलंय असं म्हणून पुढे जाऊ नका. चार पावलं चला आणि एकदा ओढून बघा.