मोज्यातली राणी

"पाठ फुगीर, पंख गळाल्याच्या खुणा. ही राणीच!" आत्या भिंगातून बघत म्हणाली. काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा आणि मग ती मुंगी. नळी काळ्या मोज्यात घालून आत्याने कपाटात ठेवली आणि मला दम भरला, "महिनाभर उघडून बघायचं नाही. सारखा उजेड दिसला तर ही घाबरून स्वतःचीच अंडी खाते."

एवढं ऐकल्यावर मला कसला धीर धरवतोय! मी रोज हळूच डोकावायचे. आठ अंडी होती, सहा झाली, मग चार. शेवटी राहवेना. रडवेली होऊन कबूल केलं, "आत्या, मी रोज सकाळी बघत होते."

आत्या उगाचच भिंग पुसत राहिली.

"सकाळी होय?" ती म्हणाली. "मी दुपारी."