घरची सिगार

माझ्या लेकीनं, शिवांजलीनं, आमच्याच रानातल्या तंबाखूची पहिली सिगार वळली आणि चाखायला माझ्यापुढं ठेवली. फौजेत असताना मी साहेबांच्या मेसमधल्या भारी सिगारी दोन-चारदा ओढलेल्या, म्हणून परीक्षक मी. पण माझा निकाल आधीच ठरलेला. चांगली शिकलेली पोरगी पुण्याची नोकरी सोडून पानं वळत बसते, हे मला पटलंच नव्हतं.

सिगार नाकाशी धरली. काकवीसारखा गोडसर वास आला. बोटांनी दाबली, तर कुठं पोकळ नाही, कुठं गाठ नाही. पेटवली आणि विडीच्या सवयीनं धूर छातीत ओढला. असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पा, धूर गिळायचा न्हाई, तोंडात घोळवायचा."

"मला शिकवतीस व्हय?" सिगार बशीच्या काठावर ठेवून मी सुरू झालो. नोकरी, लगीन, भावकी काय म्हणंल, सगळं काढलं. बायकोनं आणून ठेवलेला चहा गार झाला, तरी माझं तोंड थांबेना. शिवांजली बशीकडं बघत होती.

शेवटी मलाच दम लागला.

"आवं, विडी असती तर कवाच विझली असती," बायको म्हणाली.

मी बघितलं. सिगार सगळ्या बाजूंनी सारखी जळत होती. साहेबांच्या भारी सिगारीची राहायची तशी पेरभर पांढरी राख जागची हलली नव्हती.

मी ती उचलली, धूर तोंडात घोळवला आणि सावकाश सोडला.

"पुढची जरा लांब वळ," मी म्हणालो. "मला अजून लय बोलायचं हाय."