दोन मिलिमीटर वायव्येला

कुसाबाईंचा वनहक्काचा दावा फेटाळल्याच्या कागदाला मी काढलेला नकाशा जोडलेला होता. नकाशाखाली माझीच सही होती. कागदावर अधिकाऱ्यांचा शेरा असा: 'दाखविलेली जागा नाल्यापलीकडे, दाट जंगलात. तेथे शेती नाही. दावा खोटा.'

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. माणसांशी बोलणे मला जमत नाही, रेषांशी जमते. म्हणूनच दोन हजार नऊ साली वनजमीन कसणाऱ्यांचे दावे मांडणाऱ्या एका संघटनेने विचारले, तेव्हा दर रविवारी सुरगाण्याच्या पाड्यांवर जाऊन शेते मोजण्याचे काम मी पत्करले. मुठीत मावणारे जीपीएस यंत्र घेऊन बांधावरून चालायचे, अक्षांश-रेखांश वहीत उतरवायचे आणि घरी येऊन सर्व्हेच्या जुन्या नकाशावर ते बिंदू मांडायचे. त्यात फारसे बोलावे लागत नसे.

कुसाबाईंचे शेत मी डोळ्यांनी पाहिले होते. नाल्याच्या अलीकडच्या काठावर पायऱ्यांसारखे उतरत गेलेले नागलीचे तीन तुकडे. नवऱ्यामागे वीस वर्षे त्या एकट्याच ते कसत आल्या होत्या. आता सरकारी कागदावर त्या खोटारड्या ठरल्या होत्या, आणि अपिलाच्या सुनावणीला नऊ दिवस उरले होते.

तीन संध्याकाळी मी वहीतला प्रत्येक आकडा तपासला. एकही चुकलेला नव्हता. चौथ्या संध्याकाळी, दुसरे काही सुचेना म्हणून, यंत्रासोबत आलेली पुस्तिका प्रथमच उघडली. त्यात लिहिले होते, आकडे कोणत्या नकाशासाठी हवेत, ते आधी निवडावे.

मी कधीच निवडले नव्हते.

पृथ्वी नेमकी गोल नाही. तिचा एक आकार गृहीत धरावा लागतो, आणि मगच तिच्यावर अक्षांश-रेखांशांची जाळी टाकता येते. जुन्या मोजणीदारांनी एक आकार धरला होता, उपग्रह दुसरा धरतात. आकडे तेच राहतात, जागा मात्र सरकते. शेत नाल्यापलीकडे गेलेच नव्हते. मी ते तिकडे नेऊन ठेवले होते.

पण पुस्तिकेतले वाक्य अपील ऐकणाऱ्या समितीपुढे पुरावा ठरले नसते. मी दोन दिवसांची रजा टाकली.

कुसाबाईंचे दीर सावळीराम वाट दाखवायला आले. नकाशावर ज्यांची जागा निर्विवाद आहे असे बिंदू मला हवे होते: त्रिकोणाची खूण असलेले डोंगरमाथ्यावरचे टोक, रस्त्यावरची दगडी मोरी, दोन पायवाटा मिळतात तो तिठा. माथ्याजवळ नकाशातल्या उंचीच्या तपकिरी रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. तिथे माझा श्वास पुरेना.

"एवढ्या रेघा वाचता, तर चढ हाय ते कळलं नाय का?" सावळीराम वरून हसले. "शाळेच्या नकाशात आमचा पाडाच नव्हता. तुमी दाखवला, तर तो बी दुसऱ्याच्या रानात!"

मी आकडे टिपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीच्या कठड्यावर नकाशा पसरून तिन्ही बिंदू मांडले. मोरी मोरीवर पडली नाही, तिठा तिठ्यावर नाही, टोक टोकावर नाही. तिन्ही दोन मिलिमीटर वायव्येला सरकले होते. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन मिलिमीटरांत शंभर मीटर जमीन होती, आणि मधून वाहणारा नालाही.

सुनावणीच्या दिवशी कुसाबाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. त्यांचे नाव पुकारल्यावर मी उभा राहिलो.

"साहेब, बाई खऱ्या आहेत. चूक माझी आहे."

समितीच्या साहेबांनी चष्मा वर ढकलला. "सही तुमची?"

"हो."

"मग आज खरं आणि तेव्हा खोटं, असं कसं?"

मी नकाशा टेबलावर पसरला. पेन्सिल धरली. मोरी दाखवली, तिठा दाखवला, टोक दाखवले; मग कुसाबाईंचा बिंदू तेवढाच, उलट्या दिशेने, आग्नेयेला सरकवला. पेन्सिलचे टोक नाला ओलांडून अलीकडच्या काठावर थांबले. साहेब स्वतः पट्टी लावून बघत राहिले.

"तुम्ही एकूण किती शेतं मोजलीत?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न येणार, हे मोरीवर बसलो होतो तेव्हाच मला कळले होते. मोजलेल्या शेतांपैकी काहींचे दावे मंजूरही झाले होते. गप्प राहिलो असतो तर त्यांचेही नकाशे चुकलेत, हे कोणालाही कळले नसते.

"एकेचाळीस. सगळी सरकली आहेत."

खोलीत कोणीतरी हळूच शीळ घातली. साहेबांनी शेऱ्यातला 'खोटा' हा शब्द खोडला, वर 'फेरतपासणी' असे लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "यांचं शेत मी मंगळवारी येऊन बघतो. बाकीची चाळीस तुम्ही पुन्हा मोजा. महिना देतो. विनामोबदला."

"मोजतो," मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

बाहेर पाड्याकडे जाणारी जीप भरत होती. मी पायरीवर टेकून वहीतल्या शेतमालकांची नावे पाड्यांप्रमाणे लावू लागलो. कुसाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माजं वंगाळ केलं तुमीच, नीट बी तुमीच केलं. आता तुमाला शिव्या देऊ का जेवायला बोलवू?"

"आधी शिव्या द्या, मावशी."

त्या हसल्या नाहीत. पदर खोचून जीपमध्ये चढल्या, सरकून माझ्यासाठी जागा केली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "थांब रे, मोजणीवाला बी येतो हाय. त्याला लय काम हाय."