भावाकडची घाण

माझा धंदा लोकांच्या माशांचं पाणी सांभाळण्याचा. मासे सांभाळायला लोक स्वतः समर्थ असतात, निदान त्यांना तसं वाटतं. पाण्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही, कारण ते दिसायला स्वच्छ असतं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने जितके मासे मारलेत तितके मांजरांनीही मारले नसतील.

त्या दिवशी सकाळी आठलाच दातांच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "टँकवाल्या बाई, मुकादम चार घास पण खात नाही," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच कापताना ऐकला.

मुकादम म्हणजे त्यांचा ऑस्कर जातीचा मासा. अकरा वर्षांचा, वीतभराहून लांब, तोंडावर कायम नाराजी. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सहाशे लिटरच्या टाकीत तो एकटा राहतो आणि दात काढायला आलेल्या माणसांवर देखरेख करतो. डॉक्टरांना बायको नाही, मूल नाही. शेवटचा पेशंट गेला की ते टाकीसमोर खुर्ची ओढतात आणि दिवसभराच्या कुरबुरी त्याला सांगतात. हे मला मावशींनी सांगितलं. मावशी बावीस वर्षं तिथे हत्यारं धुतात, आणि त्या दवाखान्यात धूळ बसायलासुद्धा त्यांची परवानगी घेते.

मी पोचले तेव्हा मुकादम वर तोंड करून धापा टाकत होता, कल्ले भराभर हलत होते. पाणी जरासं दुधाळ. काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, हलवलं, पाच मिनिटं थांबले. पिवळं राहिलं तर ठीक. ते पोपटी झालं, मग सरळ हिरवं. अमोनिया दोन. शून्याच्या वर काहीही नको असतं.

"फिल्टरला हात कुणी लावला?" मी विचारलं.

"मी की," मावशी कौतुकाची वाट बघत म्हणाल्या. "पाणी हळू येत होतं म्हणून उघडला. आत काय ती तपकिरी बुळबुळ, ताई, शिसारी आली. सगळं काढून नीट करून ठेवलं. चार दिवस झाले."

"नीट म्हणजे कसं?"

"आपण सगळं करतो तसंच." त्यांनी खण उघडला. चिमटे आणि आरशांच्या पाकिटांशेजारी एक पाकीट होतं, फिल्टरमधल्या उरलेल्या मातीच्या रिंगांचं. सीलबंद, वर निर्जंतुक झाल्याची पट्टी, खाली मावशींच्या अक्षरात तारीख. वाफेच्या यंत्रात, पूर्ण दाबाखाली. स्पंज मात्र यंत्रात वितळेल म्हणून त्यांनी नुसता उकळला होता. तेवढी दया.

मी डोक्याला हात लावला. "मावशी, मासा खातो आणि बाकीचं सगळं पाण्यातच उरकतो. त्याचा अमोनिया होतो, म्हणजे विष. तुमची ती बुळबुळ म्हणजे ते विष खाणारे जंतू. वर्षानुवर्षं बसवलेली वस्ती होती ती. तुम्ही ती वाफवलीत."

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खण लोटून बंद केला.

"तिला बोलू नका," डॉक्टर मागून म्हणाले. "यंत्रात घाल असं मीच सांगितलं. वर शाबासकी पण दिली."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मासा धापा टाकत असताना भांडणं परवडत नाहीत. अर्धं पाणी उपसलं, क्लोरीन मारायचं औषध घालून तितकंच कोमट पाणी भरलं, हवेचा पंप वाढवला, खाणं बंद केलं. मग खरं ते सांगितलं. नवे जंतू आपोआप धरायला महिना-दीड महिना लागतो आणि या वयात मुकादम तेवढा तग धरणार नाही. कुठल्या तरी जुन्या, तब्येतीने चालणाऱ्या फिल्टरचा अर्धा माल आजच हवा.

"तुमच्या घरचा?"

"माझ्या घरी टाकी नाही. दिवसभर दुसऱ्यांचं पाणी उपसल्यावर मला घरी कोरडं बसायला आवडतं. जवळ एकच आहे. समोर."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, धाकट्या डॉक्टरांकडे. सख्खे भाऊ. सात वर्षांपूर्वी दोघे याच दवाखान्यात बसायचे. धाकट्याने खुर्ची पुसली की मोठे ती पेशंटसमोर परत पुसायचे. एक दिवस धाकटे म्हणाले, "दादा, मलाही पुसून टाक एकदाचं," आणि समोर पाटी लावली. तेव्हापासून बोलणं बंद. मी दर पंधरवड्याला दोन्हीकडे जाते आणि इकडचा शब्द तिकडे नेत नाही. धाकटे मला फिल्टर वर्षातून एकदाच उघडू देतात. "चालतोय ना, मग राहू दे," हे त्यांचं आयुष्याबद्दलचं एकूण मत आहे.

"त्याच्याकडची घाण माझ्या टाकीत?" डॉक्टर म्हणाले.

"हो. जितकी घाण तितकं बरं."

"दुसरं कुणीच नाही?"

"असतं तर तुमच्या जखमेवर मीठ कशाला चोळलं असतं?"

त्यांनी एकदा मुकादमकडे बघितलं. मग मास्क काढून टेबलावर ठेवला आणि रस्ता ओलांडायला निघाले. मी बादली घेऊन मागे.

धाकट्या डॉक्टरांच्या खुर्चीत एक गृहस्थ आ करून पडले होते. दारात भाऊ दिसल्यावर धाकट्यांचा हात थांबला.

"तुझा स्पंज हवाय," मोठे म्हणाले. "न धुतलेला."

मला वाटलं, आता सात वर्षांचं उट्टं निघणार. तशी संधी चालून आली होती. पण धाकटे म्हणाले, "मुकादम का?" नाव त्यांनीच ठेवलेलं, हे मला तेव्हा कळलं. "अमोनिया किती?"

"दोन."

"अरे देवा." ते पेशंटकडे वळले. "काका, पाच मिनिटं तोंड मिटून बसा."

त्यांनी स्पंज कापून अर्धा दिला, रिंगा ओंजळीने काढल्या आणि टाकीतल्याच पाण्यात बुडवून बादलीत ठेवल्या. मग बादली मला न देता स्वतःच उचलली. परत आल्यावर मावशी सवयीने ती नळाखाली धरायला धावल्या, तेव्हा मी अशी ओरडले की मुकादमही दचकला असेल.

रिंगा फिल्टरमध्ये भरल्या. स्पंजातलं थोडं पाणी टाकीत पिळायचं होतं. डॉक्टरांनी हातमोजे घातले नाहीत. बाह्या सरसावून उघड्या हातांनी पिळलं आणि टाकी गढूळ तपकिरी झाली. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. धाकटे दारातच उभे होते.

"आत ये ना."

"बुटांना चिखल आहे, दादा."

"असू दे."

पुढे रोज दुपारी मी पाणी तपासायला जायची आणि डॉक्टर समोर भावाला फोन करून आकडा सांगायचे. तिसऱ्या दिवशी धाकट्यांना फोनवरचा आकडा पुरेना, ते स्वतः बघायला आले. मग रोजच यायला लागले. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग डबाच घेऊन. दीड, एक, अर्धा. मधे नायट्राइट चढलं, म्हणजे दुसरं विष, तेव्हा दोघे तोंडं पाडून शेजारी बसले आणि माझ्यावर एकमुखाने चिडले. नवव्या दिवशी मुकादमने डॉक्टरांच्या बोटांतून एक दाणा ओढला. डॉक्टर रडले. चष्म्यावर पाणी उडालं असं त्यांनी सांगितलं, आणि आम्ही ते मान्य केलं.

बाराव्या दिवशी दोन्ही नळ्या बघितल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मुकादम काचेपाशी येऊन पुन्हा नाराज चेहऱ्याने उभा होता. मला आनंद झाला. डॉक्टरांनी अमोनियाची पिवळीधमक नळी घेतली आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ उजेडात धरून ठेवली.

मग समोर फोन लावला. "अजून पाव आहे," ते म्हणाले. "नाही रे, उतरतच नाहीये. तूच ये बघायला."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पाण्याच्या आकड्याबाबत मी आजवर कुणाचं खोटं खपवून घेतलेलं नाही. धाकटे रस्ता ओलांडताना खिडकीतून दिसले, तशी मी त्यांच्या हातातली ती पिवळी नळी घेऊन बेसिनमध्ये ओतली आणि विसळून टाकली.