नऊ दिवसांची शून्यं

मी तीन वाट्यांचा वारामापी बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. शास्त्राच्या पुस्तकात माझं चित्र असतं, फक्त त्या पानावर परीक्षेत प्रश्न येत नाही म्हणून ते कोणी बघत नाही. एक उभी दांडी, तिच्या डोक्यावर तीन आडवे हात आणि प्रत्येक हाताला एक काळी वाटी. वारा आला की मी फिरतो आणि किती फिरलो ते तारेतून खाली कळवतो, एवढंच माझं काम. पण माझ्या या फिरण्यावर एका बाईचा मुलगा घरी येणार की नाही हे ठरायचं होतं, आणि ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. मला जोडणारी चष्मेवाली बाई प्रत्येक वारामापीवर हलकेच फुंकर मारायची. फिरला तर पुढच्या टेबलावर, नाही तर परत खोक्यात. आयुष्यात मी पहिल्यांदा फिरलो तो तिच्या फुंकरीवर. पुढे मोठमोठ्या पंख्यांसमोर माझी रीतसर परीक्षा झाली, दाखला मिळाला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी प्रवासाला निघालो.

खोकं उघडलं ते एका टेकडीवर. टेकडीवर चार पवनचक्क्या उभ्या करायचा एका कंपनीचा विचार होता आणि परवानगी देणं न देणं त्या भागाच्या नियोजन समितीच्या हातात होतं. समितीचा नियम साधा होता. आधी वर्षभर वारा मोजा. वर्षाची सरासरी सेकंदाला सहा मीटर भरली तर पुढचं बोलू, नाही तर टेकडी आहे तशी राहू द्या. म्हणून कंपनीच्या मोजणीवाल्या मॅडमनी तीस मीटरचा एक बारीक खांब चारी बाजूंनी तारांनी ताणून उभा केला आणि त्याच्या टोकावर मला बसवलं. माझ्या शेजारी दिशा दाखवणारा एक पंख होता. तो दिवसभर नुसती मान फिरवायचा आणि काम केल्याचा आव आणायचा.

वरून काय दिसायचं ते कसं सांगू? कारखान्यातला वारा म्हणजे नळाचं पाणी. इथला वारा सकाळी दरीतून रांगत यायचा, दुपारी गवत आडवं करायचा, संध्याकाळी कुठे गेला ते कळायचं नाही. त्याची चाहूल लागली की माझ्या वाट्या शिवशिवायच्या. लाजत नाही, सरळ सांगतो. मी त्याच्या प्रेमात पडलो होतो.

खांब ज्यांच्या जागेत होता त्या काकू कपडे शिवायच्या. टेकडीच्या उतारावरचं शेवटचं घर त्यांचं. नवरा वारलेला, आणि एकुलता एक मुलगा फार लांबच्या देशात पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करणारा. कमरेला दोर बांधून तो शंभर मीटर वर चढायचा. गेली सहा वर्षं काकूंना तो फोनवरच भेटत होता. महिन्यातून एकदा त्या खांबाशी येऊन, माझे आकडे लिहून ठेवणाऱ्या नोंदपेटीतलं कार्ड काढायच्या, दुसरं घालायच्या आणि पहिलं टपालाने कंपनीच्या मुख्य कचेरीत पाठवायच्या. जाता जाता मान वर करून माझ्याशी बोलायच्या.

"फिर रे बाबा," त्या म्हणायच्या. "इथे चक्क्या झाल्या तर त्याला इथलंच काम मिळेल. त्याने कबूल केलंय."

म्हणजे घोडं माझ्यापाशी अडलं होतं. तेव्हापासून वारा पडला की मला अपराध्यासारखं वाटू लागलं.

या चक्क्यांना गावात सगळ्यात कडवा विरोध होता तो काकूंच्या शेजाऱ्यांचा. गणिताचे निवृत्त मास्तर, काकूंच्या नवऱ्याचे जुने मित्र. रोज सकाळी खिडकीत बसून टेकडीची कड बघत चहा प्यायचा हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्या कडेवर चार पांढरे खांब गरगरणार म्हटल्यावर त्यांनी समितीला तीन पानांची हरकत लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. गंमत म्हणजे ती पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवली आणि विचारलं, "वहिनी, फार टोचून लिहिलंय का?" काकूंनी दोन शब्द बदलायला सांगितले आणि त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावून दिलं. अशी त्यांची दुष्मनी.

दहा महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी बातम्यांत सांगितलं की मोठं वादळ येतंय, घराबाहेरच्या वस्तू आत घ्या. त्या दुपारी झाडाचं पानही हलत नव्हतं. काकू अंगणात येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला तीस मीटरवरूनही कळलं. मी मोडलो तर मोजणी बुडेल, मोजणी बुडाली तर परवानगी नाही आणि मग मुलगाही नाही. त्यांनी मॅडमना दोनदा फोन लावला, लागला नाही. मग त्यांनी मास्तरांना हाक मारली.

खांब मुळाशी बिजागरीवर होता आणि हाताने फिरवायच्या चरखीने तो हळूहळू खाली घेता यायचा. मास्तर चरखीला लागले. ज्या खांबावर त्यांचा एवढा राग, तोच त्यांनी तान्ह्या बाळासारखा जमिनीवर टेकवला. काकूंनी मला टोकावरून सोडवलं, माझी तार काढली आणि एका जुन्या दुलईत गुंडाळून शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

संध्याकाळी वादळ आलं आणि नऊ दिवस हललं नाही. वर्षातला सगळ्यात मोठा वारा भिंतीपलीकडे धावत होता आणि मी दुलईत गप्प बसून होतो. कौलं थरथरताना ऐकू यायची, खिडकीच्या फटीतून त्याची शीळ यायची. तो मला हाका मारतोय असं वाटायचं. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की काकू, मला वाऱ्यापासून काय वाचवताय, मी त्याच्याचसाठी जन्मलो आहे. काकू मशीन चालवत होत्या आणि मधेच दुलई नीट करत होत्या. त्यांच्यावर मी रागावू शकलो नाही. आजही रागावू शकत नाही.

दहाव्या दिवशी दोघांनी मला पुन्हा वर चढवलं. मॅडमचा फोन आला तेव्हा काकू अभिमानाने म्हणाल्या, "काळजी करू नका, आम्ही त्याला नीट सांभाळलं, एक ओरखडा नाही." मॅडमनी आभार मानले. सांभाळलं म्हणजे काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकूंना ते सांगायचं सुचलं नाही. इकडे नोंदपेटी मात्र चालूच राहिली होती. मी नाही, तार नाही, तरी ती बिचारी दर दहा मिनिटांनी इमानदारीने लिहीत होती: शून्य, शून्य, शून्य. लांबच्या कचेरीत ज्याने हिशेब जुळवला त्याने ना टेकडी पाहिली होती ना वादळ. वर्षाची सरासरी निघाली पाच पूर्णांक नऊ.

सुनावणीच्या दिवशी मलाही नेलं. ज्या यंत्रावर सगळं ठरतंय ते टेबलावर हवं, असा समितीच्या अध्यक्षबाईंचा आग्रह होता. लांब खोली, घड्या घालायच्या खुर्च्या, भिंतीवर टेकडीचा नकाशा. काकू मागच्या रांगेत हातरुमाल मुठीत धरून बसल्या होत्या. मुलाचा तिकडचा करार महिनाअखेर संपत होता. इथलं काही ठरलं तर परत, नाही तर आणखी पाच वर्षांची सही. अध्यक्षबाईंनी आकडा वाचला आणि काकूंची मान खाली गेली. वारा कमी पडला असंच त्या समजल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि ते मला फार लागलं.

हरकती ऐकायची वेळ आली. मास्तर उठले. जिंकल्यातच जमा होते ते, नुसतं "नियमाप्रमाणे करा" म्हणून बसले असते तरी चाललं असतं. पण गणिताचा माणूस. सगळ्यांना वाटलेल्या तक्त्यावर त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. ते तिथल्या तारखा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मास्तर, बोला ना."

"ही नऊ शून्यं खोटी आहेत," मास्तर म्हणाले. "या नऊ दिवसांत माझ्या घराची कौलं उडाली. वारामापी वर नव्हता. आम्ही खांब खाली घेतला होता, मी स्वतः चरखी फिरवली. माझी हरकत आपल्या जागी कायम आहे, पण या आकड्यावर मला जिंकायचं नाही."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी कळलं. मॅडम उठून म्हणाल्या की विचारायचं काम माझं होतं, चूक माझी. अध्यक्षबाईंनी समितीतल्या इतरांशी बोलून निर्णय दिला: राहिलेले दिवस अंदाजाने भरता येणार नाहीत, आणखी एक वर्ष मोजा.

एक वर्ष. मुलाजवळ होते अकरा दिवस. त्या रात्री फोनवर काकूंनी काही लपवलं नाही. तो चिडला नाही, असं मास्तरांना सांगताना मी त्यांना ऐकलं. नुसता म्हणाला, "आई, तू माझ्यासाठीच केलंस ना." आणि महिनाअखेर त्याने पाच वर्षांची सही केली.

मला वाटलं, आता काकू खांब उपटून फेकतील. त्या महिन्याच्या महिन्याला कार्ड बदलत राहिल्या. वर बघून बोलणं मात्र बंद झालं. दुसऱ्या वर्षी वादळाची बातमी आली तेव्हा मास्तर स्वतःहून काकूंच्या घरी येऊन बसले आणि म्हणाले की चरखीची दांडी मी घेऊन ठेवली आहे, आता तुम्ही निवांत शिवा. त्या वादळात मी फिरलो, पोटभर फिरलो, बेअरिंग झिजेपर्यंत फिरलो. ज्याच्यासाठी तळमळलो तो वारा मला मिळाला आणि त्या सबंध वेळात मला खालच्या घरातलं मशीन थांबून थांबून चालताना दिसत होतं.

सरासरी भरली सहा पूर्णांक दोन. समितीने परवानगी दिली आणि मास्तरांच्या हरकतीचा मान राखून चौथी चक्की त्यांच्या खिडकीसमोरून बाजूला सरकवली. माझ्या झिजलेल्या अंगाचा आता उपयोग नव्हता. मॅडमनी मला काकूंना देऊन टाकलं. तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीत असतो. खिडकी उघडी असली की कुरकुरत अर्धा फेरा घेतो आणि थांबतो.

टेकडीवर चार चक्क्या फिरतात. त्यांच्या देखभालीला बाहेरून माणसं आली. त्यातला एक मुलगा काकूंच्या लेकाच्या खोलीत भाड्याने राहतो, काकूंना मावशी म्हणतो आणि ओले बूट दारातच काढतो. सुट्टीच्या दिवशी त्याच्या आईचा फोन येतो. तेव्हा काकू मशीन थांबवतात, त्याला नीट ऐकू यावं म्हणून. परवा त्याची आई नेहमीचंच विचारत होती, येणार कधी, आणि तो नेहमीसारखं "बघू गं" म्हणत होता. काकूंनी हात पुढे करून त्याच्याकडून फोन घेतला.

"ताई, तुम्ही मला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "तो नीट जेवतो बरं का. थंडी पडली की मी त्याला गरम कपडे घालायला लावते. माझाही असाच कुणाच्या तरी घरी आहे. त्याच्याकडेही कुणी बघत असेल ना हो?"

पलीकडून ती अनोळखी बाई म्हणाली, "असेल. नक्की असेल." काकूंनी फोन परत दिला आणि डोळे पुसून सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

म्हणून काकूंच्या मुला, मला तुझ्याशीच बोलायचंय. तू ज्या चक्कीवर चढतोस तिच्या माथ्यावर माझ्या जातीचा एक छोटा वारामापी बसवलेला असतो. तो तुला वाऱ्याचा वेग अचूक सांगेल, पण इथलं काही सांगू शकणार नाही. ते मी सांगतो. कराराची तीन वर्षं अजून बाकी आहेत, हे तुझ्या आईला माहीत आहे. तरीही फाटक वाजलं की ती मशीनवरचा पाय उचलते.